एआयची शाखा मिळाली नाही? बरं झालं

सीईटीचा निकाल लागला, कॅप राउंड सुरू झाले की महाड-पोलादपूरकडून येणारे फोन एकाच सुरातले असतात. "सर, एआय-डेटा सायन्सला नंबर लागत नाही, साधं कॉम्प्युटर मिळतंय. गॅप घेऊ का?" नका घेऊ. शाखेच्या नावात एआय आहे म्हणून मुलगा एआय शिकतो, हा समज आधी सोडा. गणित, सी, डेटा स्ट्रक्चर्स कच्चं असेल तर पाटी कुठलीही असो, मुलगा चौथ्या वर्षी पुन्हा क्लासच लावतो.

बाकीच्या वाटा तुम्हाला ठाऊकच आहेत. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, केमिकलवाल्याला महाडची एमआयडीसी आहे, लोणेऱ्याचं बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ 1989 पासून हाकेच्या अंतरावर आहे. त्यावर जागा घालवत नाही. मला बोलायचंय ते कुणीच न विचारलेल्या कामाबद्दल.

तुमच्या बँकेचं ॲप चालतं ते बहुधा एखाद्या आभासी यंत्रावर. एका खऱ्या सर्व्हरवर अशी अनेक यंत्रं नांदवणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरव्हायजर म्हणतात. त्यातलं केव्हीएम 2007 साली लिनक्समध्ये आलं आणि आज गुगलचं क्लाउडही त्यावर उभं आहे. यातले दोष काढायला माणसं लागतात, आणि ती पटकन मिळत नाहीत.

दोष कसले, ते बघा. डिस्क किंवा नेटवर्क कार्ड प्रोसेसरला हाक मारतं, तो इंटरप्ट. तान्हाजींच्या गावच्या उमरठकरांना हे वेगळं सांगायला नको. त्यांच्या घरी मुलाच्या, रायबाच्या लग्नाची गडबड, त्यात कोंढाण्याचं काम आलं आणि लग्न थांबलं. एवढं सोपं आहे. अवघड असतं ते थांबवलेलं काम आठवणीनं पुरं करणं. रायबाचं लग्न पुढे महाराजांनी लावून दिलं, असं सांगतात. हायपरव्हायजर मात्र कधीकधी विसरतो.

इंटेलच्या प्रोसेसरवर इंटरप्टना 255 पर्यंत क्रमांक असतात. क्रमांकाला 16 ने भागून येणारा पूर्णांक हा त्याचा वर्ग, आणि वरच्या वर्गाला आधी मान. आता 97 चं काम चालू आहे आणि 99 आला. दोघांचाही वर्ग 6, म्हणजे 99 ने थांबायचं. कोड लिहिणाऱ्यानं वर्गाऐवजी अख्ख्या क्रमांकांची तुलना केली, की 99 मोठा ठरून मध्येच घुसतो. खऱ्या प्रोसेसरवर न घडणारी गोष्ट आभासी प्रोसेसरवर घडते.

दुसरा दोष याहून खट्याळ. ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःही सांगू शकते की अमुक वर्गापर्यंतचं आत्ता काही नको. विंडोज ही मर्यादा सतत वरखाली करते, लिनक्स तिला फारसा हात लावत नाही. मर्यादा खाली आली की हायपरव्हायजरनं खोळंबलेले इंटरप्ट पुन्हा तपासायला हवेत. ते राहिलं, तर डिस्कचा निरोप पडून राहतो आणि विंडोज गोठते. शेजारचं लिनक्स मात्र मजेत चालू. मग सगळे विंडोजला शिव्या घालतात. दुरुस्ती दोन-चार ओळींची असते, पण त्या ओळींपर्यंत पोचायला आठवडे जातात.

यासाठी महागडा कोर्स लागत नाही. सी पक्कं हवं, इंटेलचं जाडजूड मॅन्युअल वाचायची चिकाटी हवी. जुना लॅपटॉप चालतो. आयआयटी मुंबईच्या प्रा. मैथिली वुतुकुरु यांची ऑपरेटिंग सिस्टिमवरची व्याख्यानं मोफत बघता येतात, अमेरिकेतल्या एमआयटीची एक्सव्ही6 ही शिकण्यासाठीची छोटी सिस्टिम मोफत उतरवता येते. केव्हीएमसाठी पाठवलेली दुरुस्ती सगळ्यांसमोर तपासली जाते, आणि तिथे तुमचं कॉलेज कुठलं हे कुणी विचारत नाही.

फसवणार नाही. रेड हॅट, न्यूटॅनिक्स अशा कंपन्यांची पुण्यात कार्यालयं आहेत, पण अशा कामाला अगदी नवख्यांना थोड्याच जागा असतात, आणि दोन वर्षं तरी नातेवाइकांना सांगण्यासारखं काही हाती नसतं. ज्याला बिघडलेली वस्तू उघडून बघितल्याशिवाय चैन पडत नाही, त्यानंच इकडे यावं. बाकीच्यांनी खुशाल वेबसाइट बनवाव्यात, त्यातही पोट भरतं.

आता पालकांना. मला येणाऱ्या फोनवर वडीलच बोलतात. मुलाला काय आवडतं हे विचारलं, तर उत्तरही तेच देतात. मुंबईतल्या मामाच्या मुलाला किती पॅकेज मिळालं, हा तुमच्या मुलाचा कल नव्हे. ऑप्शन फॉर्म भरण्याआधी त्याला कॉलेजात पाठवा. ऑपरेटिंग सिस्टिम कोण शिकवतं, प्रयोगशाळेत मुलं स्वतः कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, बांधतात की जर्नल उतरवून काढतात, हे त्यानं तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारावं. तुम्ही सोबत जायचं असेल तर जा, पण कँटीनमध्ये चहा घेत बसा.