जत्रा उठल्यावर

आपण सगळ्यांनी जत्रा पाहिली आहे. चार दिवस पाले पडतात. पाळणे फिरतात. गावात पाय ठेवायला जागा उरत नाही. पाचव्या दिवशी पाले उठतात. मग मागे काय राहते? पत्रावळी, चिंध्या, कागद आणि गढूळलेली विहीर. पाहुणे घरी गेले, घाण मात्र गावाला राहिली. आपण म्हणतो, "जत्रा म्हटली की एवढं चालायचंच!"

खरेच चालायचे का? आज आपण एका फार मोठ्या जत्रेची गोष्ट वाचू.

ऑलिंपिकचे खेळ ही साऱ्या जगाची जत्रा आहे. ती दर चार वर्षांनी भरते, आणि बहुधा दर वेळी नव्या शहरात भरते. हजारो खेळाडू येतात. लाखो लोक बघायला येतात. त्यांच्यासाठी मैदाने, रस्ते, घरे बांधावी लागतात. खेळ मात्र दोन-अडीच आठवड्यांत आटोपतात. पुढे त्या जमिनीचे काय? पाण्याचे काय?

सन २००० मध्ये हे खेळ ऑस्ट्रेलिया देशातील सिडनी शहरात झाले. तेथल्या लोकांनी हा प्रश्न खेळांच्या कित्येक वर्षे आधीच हाती घेतला.

उकिरड्यावरचे मैदान

सिडनीच्या पश्चिमेला होमबुश नावाची खाडी आहे. खाडीकाठच्या जमिनीवर पूर्वी सरकारी कत्तलखाना होता. मोठी वीटभट्टी होती. दारूगोळ्याचे कोठार होते. उरलेल्या जागेत शहराचा आणि कारखान्यांचा कचरा वर्षानुवर्षे येऊन पडे. त्या मातीत विष मुरले होते.

सिडनीकरांनी खेळांसाठी हीच जागा निवडली. चांगले रान तोडून मैदान करण्यापेक्षा बिघडलेली जमीन सुधारून मैदान करावे, असा विचार त्यांनी केला. सुमारे ९० लाख घनमीटर कचरा आणि खराब माती तेथे होती. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर खोल खड्डा डोळ्यांसमोर आणा. असे ९० लाख खड्डे भरतील एवढी ती घाण!

ती खणून काढली. तिचे मोठे ढीग रचले. ढिगांवर चिकणमातीचा जाड थर दिला. वर चांगली माती घालून गवत आणि झाडे लावली. ढिगातून झिरपणारे घाण पाणी खाडीत जाऊ नये म्हणून भोवती चर खणले. ते पाणी गोळा करून शुद्ध करण्याची सोय केली. आज त्या टेकड्यांवर लोक फिरायला जातात.

बेडकाचा मान

वीटभट्टीसाठी माती काढून काढून तेथे एक खोल खाण झाली होती. भट्टी १९८८ साली बंद पडली. खाणीत पाणी साचले. खेळांच्या बेतात ही जागा टेनिसच्या मैदानांसाठी धरली होती. पण १९९२ साली खाणीत एक हिरवा-सोनेरी बेडूक आढळला. पूर्वी तो सिडनीच्या आसपास पुष्कळ दिसे. आता तो दुर्मिळ झाला होता.

मग काय केले? टेनिसची मैदाने दुसरीकडे हलवली. खाण बेडकाला ठेवली. आसपास त्याच्यासाठी नवी तळी केली. रस्त्यांखालून त्याला जायला वाटाही ठेवल्या.

कुणी म्हणेल, "अहो, बेडकासाठी मैदान हलवायचं? हा काय शहाणपणा झाला?" पण जरा विचार करू. बेडकाची कातडी पातळ असते. पाण्यातले विष तिच्यातून सहज आत जाते. म्हणून पाणी बिघडले की बेडूक लवकर नाहीसा होतो. ज्या डबक्यात बेडूक नांदतो, त्या पाण्याचीही काळजी घेतली जाते. शिवाय तो किडे खातो, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

पुढचा विचार

मोठ्या मैदानात सुमारे १ लाख १० हजार माणसे बसत. एवढी गर्दी रोज कुठून येणार? म्हणून काही बाके खेळांनंतर काढता येतील अशीच बांधली होती. पुढे ती काढून जागा ८३ हजारांच्या आसपास आणली. खेळाडूंची घरे नंतर लोकांना राहायला मिळाली. शेकडो घरांच्या छपरांवर उन्हापासून वीज करणारे पत्रे बसवले होते. सांडपाणी शुद्ध करून ते संडासांना आणि बागांना वापरले. बघणाऱ्यांच्या मोटारींना तेथे जागाच ठेवली नाही. खेळाच्या तिकिटातच रेल्वेचे आणि बसचे भाडे धरले होते.

राहून गेलेले काम

सगळेच काही नीट झाले नाही. खाडीच्या तळाशी कारखान्याच्या विषाचा गाळ होता. त्यापायी तेथली मासेमारी आधीच बंद केली होती. हा गाळ खेळांपूर्वी निघाला नाही. ते काम पुढे बऱ्याच वर्षांनी झाले. आणि टेकड्यांखालचा कचरा आजही तेथेच आहे. पाहुणे कधीच घरी गेले. पण झिरपणाऱ्या पाण्यावर नजर ठेवायला माणसे अजून नेमलेली आहेत. घाण झाकली म्हणजे संपली नाही. तिची राखण पुढच्या पिढीलाही करावी लागते.

म्हणून आपण एक गोष्ट ध्यानात ठेवू. जत्रा उठल्यावर झाडू शोधायचा नसतो. जत्रेची तारीख धरतो, त्याच बैठकीत कचरा कुठे जाईल, पाणी कसे राखायचे आणि मांडवासाठी झाड तोडायचे की नाही, हेही ठरवायचे. देव गावाचा, तशी विहीरही गावाचीच.

विचार करा

१. सिडनीच्या लोकांनी खेळांसाठी खराब जमीन का निवडली?
२. टेनिसची मैदाने दुसरीकडे का हलवली?
३. टेकड्यांखालच्या कचऱ्यावर अजून नजर का ठेवावी लागते?
४. आपल्या गावच्या जत्रेच्या बैठकीत तुम्ही कोणती गोष्ट मांडाल? चार ओळी लिहा.