मांजराचा मलावरोध : घरगुती उपचार आणि त्यांची मर्यादा

बैल, गाय अथवा शेळी आजारी पडली की घरातील सर्वांचे तिकडे लक्ष जाते. मांजराच्या वाट्याला हे लक्ष क्वचितच येते. ज्वारी-बाजरीची पोती, कणग्या आणि कडब्याच्या गंजी यांच्या आश्रयाने वाढणाऱ्या उंदरांचा बंदोबस्त मांजर करते आणि वर्षभराच्या धान्याची राखण होते. परंतु आजारी पडले की ते एखाद्या अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसते. त्याची वेदना घरच्यांच्या ध्यानी येईपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असतो. मलावरोध हा अशाच दुर्लक्षित आजारांपैकी एक होय.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील शेंद्रा या गावाचा परिसर या दृष्टीने उदाहरणादाखल घेता येईल. मांगीरबाबांच्या यात्रेसाठी हा परिसर मराठवाड्यात परिचित आहे. एकीकडे शेतीवाडी, दुसरीकडे औद्योगिक वसाहत आणि जवळून जाणारा जालना रस्ता, असे त्याचे आजचे स्वरूप आहे. येथे शेतकऱ्याच्या घरी उंदरांसाठी ठेवलेले मांजरही दिसते आणि कामगारांच्या खोल्यांतून हौसेने पाळलेलेही. दोघांच्या बाबतीत या आजाराची कारणे बहुतांशी सारखीच असतात.

मलावरोध का होतो

निरोगी प्रौढ मांजर साधारणपणे दिवसातून एकदा शौच करते. मोठ्या आतड्यात मलातील पाणी शोषले जाते. मल तेथे जितका अधिक काळ राहील तितका तो कोरडा व कठीण होतो, आणि जितका कठीण होईल तितका तो पुढे सरकणे अवघड होते. हे दुष्टचक्र वेळीच न थांबल्यास आतडे ताणले जाऊन कायमचे शिथिल होण्याचा धोका असतो.

मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातील रानमांजरे होत. शिकारीच्या मांसातूनच त्यांना बरेचसे पाणी मिळत असे. त्यामुळे मांजराला स्वभावतःच तहान कमी लागते. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सियसच्या वर जातो. अशा दिवसांत कोरड्या भाकरीच्या तुकड्यांवर किंवा पाकिटातील कोरड्या खाद्यावर राहणाऱ्या मांजराच्या शरीरात पाण्याची उणीव सहज निर्माण होते. अंग चाटताना गिळलेले केस आणि यात्रा-जत्रांच्या दिवसांत सामिष जेवणातून मिळालेली हाडे ही आणखी दोन कारणे होत. वाहनाची धडक बसून कमरेचे हाड मोडले व ते वाकडे जुळले, तर मलमार्ग अरुंद होतो. वृद्ध मांजरात मूत्रपिंडाचा विकारही मुळाशी असू शकतो.

प्रथम ओळख, मग उपचार

मांजर वारंवार बसून कुंथते, ओरडते आणि तरीही काही होत नाही, हे पाहून घरची मंडळी मलावरोध झाला असे समजतात. येथेच सर्वांत मोठी चूक घडते. बोक्यामध्ये हीच लक्षणे मूत्रमार्ग तुंबल्याचीही असतात. तसे असल्यास मूत्राशय फुगून पोटाच्या मागील भागात लिंबाएवढे वा त्याहून मोठे, कठीण गोळ्यासारखे हाताला लागते. बोका मूत्रद्वार सतत चाटतो. लघवी थेंबथेंब किंवा मुळीच होत नाही. पुढे उलट्या सुरू होतात. अशा वेळी पोट दाबल्यास मूत्राशय फुटू शकते. उपचाराविना एक ते तीन दिवसांत बोका दगावण्याचा संभव असतो.

म्हणून पोटाला हात लावण्यापूर्वी जनावराला लघवी होते आहे किंवा नाही, याची खात्री करून घ्यावी. खात्री होत नसेल तर घरगुती उपचाराच्या भरीस न पडता त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे जावे.

मर्दनाची रीत

लघवी व्यवस्थित होत आहे, मांजर खाते-पिते आहे आणि केवळ एखादा दिवस शौच झालेले नाही, अशा स्थितीत हलके मर्दन उपयोगी पडते. मांजर शांत असताना त्याला मांडीवर अथवा मऊ कापडावर उभे किंवा एका कुशीवर घ्यावे. तळहात एकमेकांवर चोळून ऊबदार करावेत. बरगड्या संपतात तेथून मागील मांड्यांच्या दिशेने, बोटांच्या पेरांनी लहान लहान वर्तुळे काढीत हात सावकाश फिरवावा. दाब मांजराला कुरवाळताना पडतो तेवढाच असावा. दोन-तीन मिनिटे पुरेशी होतात. दिवसातून दोन-तीन वेळा ही क्रिया करावी. जेवणानंतर लगेच करू नये. मांजराने अंग आखडले, गुरगुरले किंवा पोट ताठ केले तर तत्काळ थांबावे. आत लागणारा कठीण मल बोटांनी पुढे ढकलण्याचा प्रयत्न कधीही करू नये.

पाणी, आहार व हालचाल

मर्दनाहून अधिक महत्त्व पाण्याला आहे. सावलीत, दोन-तीन ठिकाणी, पसरट भांड्यांत ताजे पाणी ठेवावे. मीठ, मसाला, कांदा व लसूण न घालता शिजविलेल्या कोंबडीचे अथवा मासळीचे पाणी अन्नात मिसळावे. कांदा व लसूण मांजराच्या रक्तास अपायकारक असतात. शिजवून कुस्करलेला लाल भोपळा एक चमचाभर अन्नातून देता येतो. इसबगोल द्यावयाचा झाल्यास पाव चमचा पुरे व तो भरपूर ओलसर अन्नातूनच द्यावा. पाण्याची उणीव असताना किंवा मल घट्ट अडकला असताना इसबगोलाने उलट अपाय होतो. दूध हे सारक म्हणून देऊ नये. पुष्कळ प्रौढ मांजरांना ते पचत नाही. नियमित विंचरणे, खेळणे आणि शौचाची जागा स्वच्छ राखणे यांनीही लाभ होतो.

आईविना पिल्ले

सुमारे तीन आठवड्यांपर्यंतची पिल्ले स्वतःहून मलमूत्र विसर्जन करू शकत नाहीत. आई चाटते तेव्हाच ते घडते. आई दगावली असेल तर प्रत्येक वेळी दूध पाजल्यानंतर कोमट पाण्यात भिजविलेल्या कापसाने शेपटीखालील भाग हळुवार पुसावा. एवढ्या साध्या कृतीने पिल्लू जगते. ती ठाऊक नसल्याने ते पोट फुगून मरते.

हे करू नये

माणसांची जुलाबाची औषधे, एरंडेल, साबणाची कांडी किंवा औषधांच्या दुकानात मिळणारा तयार एनिमा मांजरास देऊ नये. फॉस्फेटयुक्त एनिमा मांजरास प्राणघातक ठरतो. तेल बळेच तोंडात ओतल्यास ते फुप्फुसात जाते. वेदना कमी व्हावी म्हणून दिलेली पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. गुदद्वारातून दोरा वा मांजा बाहेर आलेला दिसल्यास तो ओढू नये. आत आतडे कापले जाते.

दवाखाना केव्हा

दोन दिवस शौच न होणे, उलट्या, अन्नत्याग, सुस्ती, रक्त पडणे किंवा पोट फुगणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास घरगुती उपचार थांबवून पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. आजार वारंवार होत असल्यास मूळ कारण शोधणे अगत्याचे असते. फिरत्या पशुवैद्यकीय पथकांसाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. ही सेवा प्रामुख्याने पशुधनासाठी असल्याने मांजराबाबत कोठे जावे, याची तेथे आधी विचारणा करावी.

प्राणिमात्राविषयी दयाबुद्धी बाळगणे हे राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१-क मध्ये सांगितलेले नागरिकाचे मूलभूत कर्तव्य असून ४२ व्या घटनादुरुस्तीने १९७६ मध्ये ते समाविष्ट झाले. परंतु केवळ दया पुरेशी नाही. तिला ज्ञानाची जोड हवी. शिक्षकांनी वर्गात आणि पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत एवढी एक गोष्ट जरी सांगितली की, कुंथणाऱ्या बोक्याचे पोट चोळण्यापूर्वी त्याला लघवी होते का ते पाहावे, तरी धान्याची राखण करणारे कित्येक मुके जीव वाचू शकतील.