आधी पाय तपासा

रात्री साडेअकराला दादांचा फोन आला. दादा म्हणजे ज्यांच्या अल्बमसाठी मी ड्रम वाजवत होतो ते संगीतकार. म्हणाले, "अरे, तिन्ही गाणी ऐकली. किक छान, स्नेअर छान. पण हॅट सगळीकडे उघडीच वाजतेय. पाय कुठे गेला तुझा?"

पाय तर सगळा वेळ पेडलवरच होता. डोंबिवलीच्या घरी, आतल्या खोलीत, तीन रात्री बसून मी ती गाणी वाजवली होती. जाळीचे पॅड, कानाला हेडफोन, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून किकखाली दुहेरी सतरंजी. वाजवताना बंद हॅट नीट बंद ऐकू येत होती, अर्धी उघडी नेमकी तशीच. मग दादांकडे पोचलेल्या फाइलीत काय झालं? त्याचा उलगडा व्हायला मला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत जे कळलं ते सांगायला हवं, कारण घरी इलेक्ट्रॉनिक ड्रम आणून रेकॉर्डिंग करणारी बरीच मुलं आता भेटतात आणि त्यातल्या अनेकांचं हाय-हॅटशीच अडतं.

माझी चूक जुनी होती. ऑर्केस्ट्रात मी बरीच वर्षं ऑक्टोपॅड वाजवला. तिथे बंद हॅट एका पॅडवर आणि उघडी शेजारच्या पॅडवर लावायची, हात सरकला की आवाज बदलला. त्यामुळे हॅट म्हणजे दोन आवाज, अशी डोक्यात गाठ बसली होती. प्रत्यक्षात हॅट डग्ग्यासारखी आहे. डग्ग्यावर बोटं आघात करतात, पण मनगटाचा दाब सतत कमीजास्त होत असतो आणि 'घे' चा सगळा गोडवा त्या दाबात असतो. हॅटवर काठी म्हणजे बोटं आणि पेडल म्हणजे मनगट.

मिडीमध्ये ही दोन्ही कामं वेगळ्या वाटेने जातात. काठी पडली की एक नोट जाते, सोबत आघाताचा जोर. जनरल मिडीच्या ठरलेल्या यादीत बंद हॅट 42, पायाने मिटलेली 44 आणि उघडी 46. रोलंडच्या टीडी मालिकेतल्या मोड्यूलमध्ये कडेवरच्या आघाताला आणखी दोन नोटा असतात, बंद कडेला 22 आणि उघड्या कडेला 26. पायाची स्थिती मात्र नोट म्हणून जात नाही. पेडल किती दाबलंय हे कंट्रोलर क्रमांक 4 वर 0 ते 127 या आकड्यांत वाहत असतं, काठी पडो वा न पडो. सॉफ्टवेअरमधला ड्रमचा सॅम्पलर प्रत्येक आघाताच्या क्षणी पायाचा शेवटचा आकडा पाहतो आणि त्याप्रमाणे घट्ट बंद, किंचित सैल, अर्धी किंवा पूर्ण उघडी हॅट वाजवतो.

माझ्या सॉफ्टवेअरमध्ये आत येणारा मिडी गाळण्याची सोय आहे. ट्रॅकवर खाली बारीक रेघांची गर्दी दिसायची, ती मला कचरा वाटली, म्हणून कंट्रोलर गाळायच्या चौकटीत मी खूण केली. गर्दी नाहीशी झाली. तो कचरा म्हणजे माझा पाय होता. आणि हे तीन रात्री लक्षात आलं नाही, कारण हेडफोनमध्ये मी मोड्यूलचा स्वतःचा आवाज ऐकत होतो. मोड्यूलला पाय कळत होता, रेकॉर्डिंगला कळत नव्हता. म्हणून माझा पहिला आग्रह हा: कानावर सॉफ्टवेअरचाच आवाज घ्या. उशीर जाणवेल या भीतीने आपण मोड्यूल ऐकतो, पण सेकंदाला 44,100 सॅम्पलच्या रेकॉर्डिंगमध्ये बफर 128 ठेवला तर त्यापायी होणारा उशीर जेमतेम 3 मिलिसेकंद असतो. 512 ठेवला तर साडेअकराच्या पुढे जातो आणि हाताला खटकतो. बफर कमी करा, मोड्यूलचा आवाज बंद ठेवा.

दोन गाणी वाचली. त्यांत हॅट एकतर बंद होती किंवा उघडी, आणि मोड्यूलने नोटा वेगवेगळ्या पाठवल्या होत्या. 42 ला ठाम बंद आणि 46 ला ठाम उघडी हॅट जोडली, काम झालं. तिसरं गाणं संथ होतं, अंतऱ्यात हॅट हळूहळू उघडत जाते. तो मधला प्रवास फाइलीत कुठेच नव्हता आणि नंतर हाताने आकडे रेखाटून त्यात जीव येईना. ते पुन्हा वाजवलं.

पुन्हा बसताना मात्र सुरुवात स्टँडपासून केली. खऱ्या स्टँडवर बसणारी हॅट असेल तर वरच्या झांजेचा क्लच किती उंचीवर कसला आहे, यावर सगळं अवलंबून असतं. मोड्यूलमध्ये पाय जुळवून घेण्याची सोय असते, ती पुस्तिकेत सांगितल्या क्रमानेच करा. त्या वेळी पेडलवर पाय कधी हवा आणि कधी नको हे त्यात लिहिलेलं असतं, तिथे घाई करू नका. गुळगुळीत फरशीवर स्टँड सरकतो आणि किकच्या हादऱ्याने क्लच ढिला होतो. त्या रात्री अर्ध्या तासाने माझी बंद हॅट किंचित उघडी वाजू लागली होती, ती याच कारणाने. आता दर दोन टेकनंतर क्लच हाताने पाहतो.

मग आकडे. पेडल पूर्ण सोडा आणि चार मात्रांत सावकाश दाबत न्या. पडद्यावरचा आकडा सलग चढायला हवा, मध्ये उडी नको, पाय स्थिर असताना थरथर नको. काही मोड्यूल पूर्ण बंद असतानाही 127 गाठत नाहीत, तेव्हा सॅम्पलरला सांगावं लागतं की तुझी बंद जागा इथे आहे. दिशाही उलटी असू शकते: मोड्यूल बंद हॅटला मोठा आकडा पाठवतो आणि सॅम्पलर त्याला उघडी समजतो. पाय दाबला की हॅट उघडते असं झालं तर पेडल बिघडलेलं नसतं, उलट करण्याची खूण शोधा. तुमच्या मोड्यूलच्या नावाचा तयार नकाशा सॅम्पलरमध्ये असेल तर तोच आधी लावा.

रेकॉर्डिंग चांगलं झाल्यावरही एक धोका उरतो आणि तो मला सगळ्यात फसवा वाटतो. ठेका सरळ करायला आपण नोटा क्वांटाइझ करतो. नोटा सरकतात, पण पायाचे आकडे बहुधा जागच्या जागी राहतात. मग नेमकी उघडायची हॅट, नोट जराशी अलीकडे आल्यामुळे, पाय उचलण्याआधीच वाजते आणि बंद निघते. ऐकणाऱ्याला वाटतं वादक चुकला. म्हणून हॅट शक्य तो सरळ करू नका, किक आणि स्नेअर करा. हॅटची किंचित मागेपुढे चाल हेच तिचं वाजणं आहे. करायचीच असेल तर पायाचे आकडे सोबत हलवा. तुकडा कापून दुसरीकडे चिकटवतानाही तुकड्याच्या सुरुवातीला पायाचा एक आकडा आहे ना, ते बघा. नसेल तर आधीच्या तुकड्यातला पाय पुढच्यात चालत राहतो.

हे वाचून आज रात्री कोणी रेकॉर्डिंगला बसणार असेल, तर त्याला माझं एवढंच सांगणं: पहिल्या टेकआधी अर्धा मिनिट फक्त पेडल हलवून रेकॉर्ड करा आणि ट्रॅक उघडून पाहा. त्यात क्रमांक 4 ची चढती-उतरती रेघ दिसली नाही, तर काठ्या हातात घेऊ नका.