बिनकामाच्या काळात ट्रॅक्टर व शेतीयंत्रांची निगा

बुलढाणा जिल्ह्यातील बहुतांश शेती जिराईत असून सोयाबीन, कापूस व तूर ही खरिपाची मुख्य पिके होत. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून पेरणी करू नये, अशी कृषी खात्याची शिफारस आहे. तेवढा पाऊस झाल्यानंतर काळी जमीन वाफशावर असते ते दिवस मात्र मोजकेच. नेमक्या त्याच दिवशी पेरणीयंत्रातील बियाण्याच्या चकत्या गंजून अडकलेल्या आढळल्या, किंवा ट्रॅक्टरची बॅटरी उतरलेली निघाली, तर शेतकऱ्याची मोठी अडचण होते. साऱ्या गावाची पेरणी एकाच वेळी चालू असल्याने भाड्याचा ट्रॅक्टर मिळत नाही आणि मिस्त्रीही सापडत नाही. दुरुस्तीचा खर्च कदाचित थोडा असेल. गेलेला वाफसा मात्र परत येत नाही.

पेरणीयंत्र मृगात सोयाबीनच्या व पुढे हरभऱ्याच्या पेरणीस लागते. मळणीयंत्र दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनला व उन्हाळ्याच्या तोंडी हरभरा-गव्हाला लागते. उरलेले महिने ही यंत्रे उभीच असतात. पिके उभी असताना पावसाळ्यात ट्रॅक्टरलाही फारसे काम नसते. यंत्र कामात झिजते हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु ओल, धूळ, ऊन व उंदीर यांमुळे ते उभ्या उभ्याही खराब होते, याकडे बहुधा दुर्लक्ष होते. पूर्वी पेरणी आटोपली की तिफण धुऊन आढ्याला टांगून ठेवीत. लोखंडी यंत्रासही तशीच निगा हवी. फक्त तिच्यामागील कारणे नीट समजून घ्यावी लागतात.

जागा

यंत्रे छपराखाली, उंच व कोरड्या जागी ठेवावीत. पक्की शेड नसल्यास टिनाचे साधे छप्परही चालते. ताडपत्री घालावयाची असल्यास ती यंत्रास गच्च लपेटू नये; खालून वारा खेळता राहील अशी बांधावी, अन्यथा आत ओल कोंडून गंज अधिकच चढतो. गुरांच्या गोठ्यात किंवा खताच्या पोत्यांशेजारी यंत्र ठेवू नये. शेण-मुताची वाफ व खताची भुकटी लोखंडास खाते. अवजारांची तोंडे मातीवर न टेकवता लाकडी फळीवर टेकवावीत.

स्वच्छता

चिखल, काडीकचरा व जुने ग्रीस यांत ओल धरून राहते. यास्तव यंत्र ठेवण्यापूर्वी धुऊन उन्हात पूर्ण वाळवावे. धुताना पाण्याचा जोराचा झोत डायनामो, स्टार्टर व एअर क्लीनर यांवर मारू नये. पूर्णा खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात, म्हणजे शेगाव, संग्रामपूर व जळगाव जामोद या भागांतील ज्या गावांत विहिरीचे पाणी खारे आहे, तेथे शेवटचा हात गोड्या पाण्याचा द्यावा. असे खारे पाणी रेडिएटरमध्ये कधीही भरू नये. त्याने आत क्षार साचतात व गंज चढतो. रेडिएटरमध्ये उत्पादकाने सांगितलेले कूलंटच असावे.

नांगराचे फाळ, रोटाव्हेटरची पाती, वखराची पास असे जे भाग मातीत घासून चकचकीत झालेले असतात, त्यांवर रंग नसल्याने गंज प्रथम तेथेच धरतो. त्यांना ग्रीस किंवा वापरलेल्या इंजिन तेलाचा हात द्यावा. सर्व निपलांत जुने ग्रीस बाहेर पडेपर्यंत नवे ग्रीस भरावे.

इंजिन व इंधन

वापरलेल्या तेलात जळणापासून झालेली आम्ले व ओलावा असतो. असे तेल इंजिनात महिनोन्‌महिने राहिल्यास ते बेअरिंग खाते. म्हणून यंत्र उभे करण्यापूर्वी तेल व फिल्टर बदलावे आणि नवे तेल सर्वत्र पसरावे म्हणून इंजिन थोडा वेळ चालवावे.

डिझेलची टाकी पूर्ण भरून ठेवावी. रिकाम्या जागेतील हवेचा ओलावा रात्रीच्या गारव्याने थेंब होऊन तळाशी साचतो. त्याने टाकी गंजते व इंधनपंप बिघडतो. पेट्रोलवरील फवारणीपंपाबाबत मात्र याच्या उलट करावे. पेट्रोल फार दिवस राहिल्यास कार्ब्युरेटरमध्ये चिकटा धरतो. शिवाय आजच्या पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल ओल शोषून घेते. म्हणून टाकी रिकामी करावी व उरलेले पेट्रोल संपून पंप आपोआप बंद पडेपर्यंत तो चालवावा.

सायलेन्सरचे तोंड डब्याने झाकावे. उघड्या तोंडातून पावसाचे पाणी थेट सिलिंडरपर्यंत उतरू शकते. एअर क्लीनरचे तोंड कापडाने बांधावे, म्हणजे उंदीर आत घर करणार नाहीत. ही झाकणे काढल्याविना इंजिन चालू करू नये, अशी चिठ्ठी स्टीअरिंगला बांधून ठेवावी.

बॅटरी, टायर व क्लच

बॅटरी न वापरताही हळूहळू उतरते, आणि उतरलेल्या स्थितीत राहिल्यास कायमची निकामी होते. तिचे वजा टोक प्रथम सोडवावे, टोके स्वच्छ करून त्यांना व्हॅसलीन लावावे व महिन्यातून एकदा ती चार्ज करावी. पाणी कमी झाल्यास शुद्ध केलेले बॅटरीचे पाणीच घालावे.

ट्रॅक्टर एकाच जागी उभा राहिल्यास टायर एका बाजूने दबतात. ॲक्सलखाली लाकडी ठोकळे भक्कम बसवून चाके जमिनीपासून किंचित उचलावीत. ते शक्य नसल्यास टायरमध्ये हवा नेमकी ठेवून दर पंधरवड्यास ट्रॅक्टर थोडा पुढे-मागे करावा. क्लचची तबकडी चिकटून बसू नये म्हणून पेडल दाबून त्यास लाकडाचा आधार द्यावा. हायड्रॉलिकचे हात खाली सोडून ठेवावेत.

मळणीयंत्र, पेरणीयंत्र व फवारणीपंप

मळणीयंत्रातील भूस व दाणे पूर्ण झाडून काढावेत. ते राहिल्यास उंदीर येतात. पट्टे सैल करून किंवा काढून सावलीत टांगावेत. साखळ्या डिझेलने धुऊन तेलात भिजवून ठेवाव्यात. पेरणीयंत्राच्या खत पेटीत मूठभर खत राहिले तरी ते ओल ओढून पत्रा खाते. म्हणून पेटी व नळ्या पाण्याने धुऊन, वाळवून, तेलाचा हात द्यावा. फवारणीपंप विहिरीपासून दूर, शेतातच तीन वेळा धुवावा आणि मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा.

मधूनमधून इंजिन चालवावे काय?

आठवड्यातून दोन मिनिटे इंजिन चालवण्याची रीत अनेक ठिकाणी आढळते. तिने लाभापेक्षा हानीच होते. इंजिन तापण्यापूर्वीच बंद केल्याने आत पाण्याचे थेंब धरतात. चालवावयाचेच असेल तर ट्रॅक्टर खाली घेऊन, झाकणे काढून, इंजिन पूर्ण तापेपर्यंत, म्हणजे सुमारे अर्धा तास, उघड्या जागी चालवावे. बंद शेडमध्ये इंजिनाचा धूर प्राणघातक ठरतो.

पुन्हा कामास लावताना

प्रथम काठीने ठोकून पाहावे. यंत्रात साप-विंचू दडलेले असतात. झाकणे व ठोकळे काढावेत, तेल, कूलंट व हवा तपासावी, डिझेल फिल्टरच्या तळाचे पाणी काढावे. इंजिन बंद करण्याचा खटका ओढून स्टार्टर काही क्षण फिरवावा, म्हणजे तेल बेअरिंगपर्यंत पोचते. नंतर इंजिन सुरू करावे. पहिली दहा मिनिटे भार देऊ नये. मळणीयंत्राचे ड्रम आधी हाताने फिरवून पाहावे.

सामाईक यंत्रे

नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून २०१८ नंतर जिल्ह्यात गटांच्या व शेतकरी कंपन्यांच्या अवजार बँकांना साहाय्य मिळाले. अशा यंत्रांबाबत गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एक गोष्ट आवर्जून पाहावी. जे यंत्र सर्वांचे, त्याची निगा कोणाकडेच नसते. यंत्र शेडमध्ये ठेवण्याची व काढण्याची जबाबदारी एका सभासदाच्या नावे लावावी आणि तेल बदलल्याची, बॅटरी चार्ज केल्याची तारीख नोंदवहीत लिहावी. कर्जाचा हप्ता यंत्र उभे असतानाही चालूच असतो. म्हणून यंत्र हंगामाला उपयोगी पडलेच पाहिजे.

वेळ लक्षात राहावी म्हणून सणांचाच आधार घ्यावा. अक्षय तृतीयेपर्यंत पेरणीयंत्र उघडून, तेल घालून, फिरवून पाहावे. खंडेनवमीस आपण अवजारांची पूजा करतोच. तिच्या आठवडाभर आधी मळणीयंत्र तपासून घ्यावे. काही भाग लागला तर तो आणावयास तेव्हा वेळ असतो. अडचण आल्यास बुलढाणा किंवा जळगाव जामोद येथील कृषी विज्ञान केंद्रात विचारणा करावी. असे केल्यास पेरणीचा दिवस उजाडेल तेव्हा यंत्र तयार असेल.