विंडोजशेजारी उबुंटू : पार्टिशन कशी करावीत?

प्रश्न : विंडोज ११ असलेल्या लॅपटॉपवर मी उबुंटू टाकलं, पण लॅपटॉप थेट विंडोजमध्येच सुरू होतो. पार्टिशन पुन्हा करावी लागतील का?

उत्तर : घाईने काही पुसू नका. आधी यूईएफआय सेटअपमध्ये जाऊन बूट क्रमात उबुंटू सर्वांत वर आणा. यादीत उबुंटू दिसतच नसेल, तर बहुधा तुम्ही पेनड्राइव्ह ‘लेगसी’ मोडमध्ये सुरू केला होता. विंडोज ११ सहसा यूईएफआय मोडमध्ये चालतं. दोघांचा मोड एकच हवा. पेनड्राइव्ह यूईएफआयमध्ये सुरू करून उबुंटू त्याच पार्टिशनवर पुन्हा टाका.

त्या वेळी एक काळजी घ्या. डिस्कवर फॅट३२ स्वरूपाचं, बहुतेकदा १०० एमबीचं ईएफआय पार्टिशन दिसेल. विंडोजचा बूटलोडर तिथेच असतो आणि उबुंटूचाही तिथेच बसतो. ते निवडा, पण फॉरमॅट करू नका. केलंत तर विंडोज सुरू होणार नाही. उबुंटूला एक्स्ट४ स्वरूपाचं ५० जीबीचं एक पार्टिशन पुरतं. विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ही बंद ठेवा.

सुरुवात करण्यापूर्वी महत्त्वाच्या फायलींचा बॅकअप आणि बिटलॉकरची रिकव्हरी की दुसरीकडे नक्की जपून ठेवा.