पत्रावळी उचलता उचलता

ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून निघालेली तुकोबांची पालखी बारामती, सणसर, बेलवाडी करत आमच्या अंथुर्ण्याच्या शिवेत येते. तिथीच्या हिशेबाने एखाद्या वर्षी मुक्कामही पडतो. पुणे विद्यापीठाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या ‘स्वच्छ वारी, स्वस्थ वारी, निर्मल वारी, हरित वारी’ मोहिमेत आम्ही कॉलेजची पोरं खराटे, पोती घेऊन उतरलो. त्यातून उमगलेलं थोडंफार.

१. देव मानतोस का, हे वारीत कुणी विचारत नाही. हॉस्टेलवर याच प्रश्नावर आमची रात्र-रात्र जुंपायची. आमच्यात एक कट्टर नास्तिक, एक दर गुरुवारी कडक उपास धरणारा, एक मुलगी मुसलमान घरातली. दिंडीतल्या मावश्यांनी तिघांनाही विचारलं ते एवढंच, “जेवलास का रं?” “गाव कुठलं गं?”

२. पाया पडताना वय बघायचं नाही. सत्तरीचे आजोबा “माउली” म्हणत माझ्या पायांशी वाकले. हातात उष्ट्या पत्रावळींचं पोतं, मी कसनुसा. ते तोवर पुढच्याकडे वळलेसुद्धा. आपणही वाकायचं आणि कामाला लागायचं.

३. भक्तीवर बोलायचं तर आधी एक पंगत उचलावी. थर्माकोल नको म्हणून आम्ही पानांच्या पत्रावळी वाटायचो आणि जेवणं उरकली की गोळा करून खतासाठी खड्ड्यात टाकायचो. पावसाची भुरभुर, आमटीने निसरडी झालेली पानं, माशांचा घोंगाट. द्रोण आधी उपडा करायचा, नाहीतर सगळं कोपरापर्यंत ओघळतं. एक म्हातारी जेवून उठताना पत्रावळ आतल्या बाजूला दुमडून ठेवायची, उचलणाऱ्याचे हात भरू नयेत म्हणून. कीर्तनं मी पुष्कळ ऐकलीत. पण आजही श्रद्धा म्हटलं की मला ती घडी दिसते.

४. शिस्त शिट्टीने येत नाही. बेलवाडीच्या गोल रिंगणात झेंडेकरी, तुळस घेतलेल्या बाया, विणेकरी, टाळकरी-पखवाजी आपापल्या पाळीने धावतात, मग अश्व सुटतो. तो गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड. आमचा नास्तिक म्हणाला, “ही सगळी तालाची किमया.” असेलही. मत त्याने बदललं नाही, बदलावं असं मलाही वाटलं नाही. पहाटे टँकरपाशी सगळ्यांत आधी तोच उभा असायचा.

५. भाबडं राहू नये. ज्या पंढरीला सगळे सारखे म्हणतात, तिथल्या मंदिराचं दार दलितांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावं लागलं. चोखोबांची समाधीही महाद्वाराबाहेरच. हे ठाऊक असूनही चालणारे मला जास्त जवळचे वाटतात.

६. पालखी पुढं गेल्यावर गट टिकवायचा तर हाताला काम हवं. नुसत्या व्हॉट्सअॅपवर तो टिकत नाही, तिथं सुप्रभात उरतं. आम्ही रस्त्याकडेला रोपं लावली. श्रावणात फोटोला सगळे हजर. वैशाखात नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन लांबलं, तेव्हा कॅन घेऊन पाणी घालायला तिघं-चौघंच. त्यात नास्तिक होता, ती मुलगी होती. उपासवाला नव्हता. परीक्षा होती, म्हणतो.