आरोग्य प्रचाराचा हिशेब कसा तपासावा

‘आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा’, म्हणजे डास होऊ नयेत म्हणून त्या दिवशी पाण्याची भांडी रिकामी करा, हा संदेश गावोगावच्या भिंतींवर असतो. भिंत रंगवणे, पत्रके छापणे, कलापथक बोलावणे या सगळ्याला सरकारी पैसा लागतो. दवाखान्यात औषध संपले की लोक बोलतात; प्रचार झालाच नाही तर ते कोणाला जाणवतही नाही. म्हणून हा हिशेब नागरिकांनी स्वतःहून तपासायला हवा. महाराष्ट्रात राज्य पातळीवर पुण्याचा राज्य आरोग्य शिक्षण व संपर्क विभाग आणि जिल्ह्यात जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग हे काम पाहतो. तपासणीची पद्धत पुढीलप्रमाणे.

लागणारे साहित्य

- गावातली तीन-चार माणसे, त्यांत किमान दोन महिला
- वही, मोजपट्टी, फोटो काढता येणारा मोबाइल
- १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप
- दोन ते तीन महिन्यांची सवड

कृती

१. आवाका लहान ठेवा. एक आर्थिक वर्ष, एक तालुका आणि एकच कार्यक्रम निवडा. उदाहरणार्थ डेंग्यू-हिवताप प्रतिबंधाची जनजागृती. सगळेच एकदम विचारले तर उत्तर मोघम येते.

२. माहिती अधिकाराचा अर्ज करण्याआधी भिंती पाहा. गावागावांत फिरून रंगवलेल्या भिंती, फलक आणि उपकेंद्रातली पत्रके यांची नोंद करा. फोटो काढा, तारीख लिहा, भिंतीची लांबी-उंची मोजा. ही पायरी मागे ठेवू नका. अर्ज गेल्यावर घाईघाईने रंगवलेली भिंत जुनी की नवी, हे नंतर सांगता येत नाही.

३. आधीच खुली असलेली माहिती वाचा. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार प्रत्येक कार्यालयाने आपली कामे, अधिकारी आणि अंदाजपत्रक स्वतःहून जाहीर करायचे असते. ते मिळाले तर अर्ज नेमका होतो. मिळाले नाही तर तशी नोंद वहीत करा.

४. अर्ज लिहा. राज्याच्या नियमांनुसार अर्ज ‘जोडपत्र अ’ या नमुन्यात, एकाच विषयाचा आणि मजकूर १५० शब्दांच्या आत असावा. त्यावर कोर्ट फी स्टँप लावा; दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराने पुरावा जोडल्यास हे शुल्क लागत नाही. ‘खर्च का झाला नाही?’ असे विचारू नका. या कायद्याने कागद मिळतात, खुलासे मिळत नाहीत. पुढील कागद मागा :

- मंजूर, वितरित आणि खर्च झालेल्या रकमेचे विवरण
- कार्यादेश, देयके आणि कामाची मोजमापे
- भिंती आणि कार्यक्रमांची गावनिहाय यादी
- पत्रकांची साठा व वाटप नोंदवही
- उपयोगिता प्रमाणपत्राची प्रत

अर्ज जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागातील जन माहिती अधिकाऱ्याकडे द्या आणि पोच घ्या. माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर कलम ६(३) नुसार अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे.

५. मुदत सांभाळा. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. आले नाही किंवा अपुरे आले, तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करा. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. कागद फार असतील तर अभिलेख पाहण्याची परवानगी मागा. पहिल्या तासाला शुल्क नसते.

६. तीन रकाने आखा. पहिल्यात कागदावरचे काम, दुसऱ्यात प्रत्यक्ष दिसलेले, तिसऱ्यात फरक. कागदावर १०० चौरस फूट आणि मोजपट्टीत ६० असेल तर तेवढेच लिहा. ‘भ्रष्टाचार’ हा शब्द वहीत नको. पाऊस, नवा गिलावा, पडलेली भिंत अशी कारणे असू शकतात. ती विचारून घ्या.

७. संदेश पोहोचला का ते विचारा. ही सर्वांत महत्त्वाची पायरी. वेगवेगळ्या वस्त्यांतल्या दहा-पंधरा घरी जा. ‘फलक पाहिला का?’ असे विचारू नका. ‘पाण्याची टाकी कधी रिकामी करता?’ असे विचारा. वस्तीत कोरकू किंवा पावरी बोलतात आणि भिंतीवर फक्त छापील मराठी असेल, तर हिशेब चोख असूनही काम अपुरेच आहे. लोक सांगतील ते त्यांच्याच शब्दांत टिपा.

८. गावासमोर ठेवा. ग्रामपंचायतीला आधी लेखी पत्र देऊन विषय ग्रामसभेत घ्या. गावातल्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीलाही तक्ता द्या. तिच्या अबंधित निधीचे वाचनही त्याच सभेत मागा. महाराष्ट्रात २००७ पासून पुणे, अमरावती, नंदुरबार, ठाणे आणि तेव्हाचे उस्मानाबाद या जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. तिथे गावांनी आरोग्यसेवेचे हिरवे, पिवळे, लाल गुणपत्रक बनवले आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांपुढे मांडले. तुमचा तक्ताही तीन रंगांत मांडा. अक्षरओळख नसलेल्यालाही तो वाचता येतो.

९. ठराव आणि तारीख घ्या. कोण, काय, कधीपर्यंत करणार, हे ठरावात लिहून घ्या. प्रत तालुका आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना पाठवा. सहा महिन्यांनी त्याच भिंती, त्याच घरी पुन्हा जा.

सांभाळायच्या गोष्टी

आशाताई किंवा आरोग्यसेविकेला कोंडीत पकडू नका. निधी वरून ठरतो आणि पत्रके वरून येतात. त्या मिळाले तेवढेच वाटतात. प्रश्न मंजुरी देणाऱ्याला आणि देयकावर सही करणाऱ्याला विचारा. एखाद्या गावात काम चांगले झाले असेल तर तेही ग्रामसभेत तितक्याच ठळकपणे वाचा.

पुढच्या ग्रामसभेची तारीख आजच विचारून घ्या आणि उद्या सकाळी मोजपट्टी घेऊन पहिल्या भिंतीपाशी जा.